आवाज बारीक होतो तेव्हा

मागच्या वर्षीचा एप्रिल. सात महिन्यांनी जहाजावरून घरी आलो होतो आणि मी आलो म्हणून आईने तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या वाळूतल्या खायच्या शिंपल्या, आणल्या होत्या. सत्तरी गाठली तरी आई अजून ओहोटीला खाडीत उतरते. गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकून, तळव्याने वाळू चाचपत ती तिसरी शोधते. तिला बघायला लागत नाही. लहानपणी मी तिच्यामागून टोपली धरून जायचो आणि मला एक मिळेपर्यंत तिच्या वीस झालेल्या असायच्या. त्या दिवशी तिचा गुडघा दुखत होता. म्हणून होडीने पलीकडच्या पुळणीवर न जाता ती जवळच, जेटीच्या बाजूला उतरली. अर्धी टोपली भरून घेऊन आली. माती सुटावी म्हणून वहिनीने त्या घमेल्यात खाऱ्या पाण्यात टाकल्या आणि परसात ठेवल्या. संध्याकाळी मी तिकडे गेलो तेव्हा उन्हं तिरपी होती आणि घमेल्यातल्या पाण्यावर, एका कडेला, तळहाताएवढी रंगीत चकती तरंगत होती. जांभळी, मग निळी, मग पितळेसारखी. मी बोटाने हलवली, ती फुटली आणि पुन्हा जुळून आली. मी काही बोललो नाही.

चुलीवर पातेलं चढलं, वाफ आली, शिंपा उघडायला लागल्या, आणि आईने झाकण काढून तसंच परत ठेवलं. मग पुन्हा काढलं. एक शिंप चिमट्यात धरून नाकाशी नेली. तिसऱ्यांचा वास कसा असतो ते आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही; हा तो नव्हता. ह्या वासात इंजिन होतं. "तिसऱ्यांक डिझेलचो वास येता," एवढंच ती म्हणाली. वहिनीने वाटप तयार ठेवलं होतं, सोलं भिजत घातली होती. आईने पातेलं उचललं, परसाच्या टोकाला माडाच्या मुळाशी नेऊन उपडं केलं, आणि रात्री आम्ही सगळ्यांनी सोलकढी आणि लोणच्याशी भात खाल्ला. दादा खाली मान घालून जेवला. मीही.

कारण सकाळी आम्ही दोघंही तिथेच होतो.

सकाळी दादाच्या ट्रॉलरमध्ये डिझेल भरत होते. मी सहज गेलो होतो, सवयीने. किनाऱ्यावर आलो की पहिले आठ दिवस माझे पाय आपोआप जिथे इंजिन असेल तिथे वळतात. जेटीवर पंपाची मोटर घरघरत होती, शेजारच्या बोटीवर बर्फ फोडत होते, आमचा एक खलाशी नोजल धरून उभा होता आणि दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला लावून बोलत होता. आणि मग केबिनच्या बाजूला, कठड्याला लागून जी हवेची नळी वर येते, तिच्या तोंडातून आधी एक ढेकर आला, मग फेस, आणि मग सरळ धार. फेसाळ डिझेल डेकवरून वाहत डेकचं पाणी जायच्या भोकांतून खाली, खाडीत. "भरली, भरली! बंद कर रे!" कुणीतरी ओरडलं. मोटर बंद होईपर्यंत किती गेलं? चार लिटर, पाच लिटर. फार नाही. दादाने फडकं टाकलं, पायाने फिरवलं. एका पोराने कपडे धुवायच्या पावडरीची मूठ बोटीच्या कडेला पाण्यावर भिरकावली, आणि खरंच, तवंग क्षणात नाहीसा झाला. सगळ्यांना हायसं वाटलं. मी तिथे उभा होतो, मला ते सगळं कळत होतं, आणि मी काहीही केलं नाही.

आईच्या टोपलीतला वास त्या एका सकाळचा होता असं मी म्हणत नाही. जेटीला तीस-चाळीस बोटी लागतात, प्रत्येकीला टाकी आहे, प्रत्येक टाकीला नळी आहे. आज आमची, उद्या शेजारची. पण कुणाची धार कुणाच्या शिंपेत गेली हा हिशेब मला मांडता येत नव्हता, आणि म्हणूनच मला तो टाळताही येत नव्हता.

ही नळी म्हणजे फार साधी गोष्ट आहे. बंद टाकीत काही ओतायचं तर आतली हवा बाहेर जायला वाट हवी, आणि इंजिन डिझेल ओढायला लागलं की तेवढीच हवा आत यायला वाट हवी. बाटली उपडी केली की ती गटगट करत अडखळते ना, तो अडखळा जाण्यासाठी ही नळी. लोक म्हणतात टाकीचा एअर पाईप. भरायचा पाईप असतो मनगटाएवढा आणि हा अंगठ्याएवढा. डिझेल सावकाश भरलं तर हवा शांतपणे निघून जाते. घाईने भरलं तर डिझेल फेसाळतं, फेस हवेबरोबर वर चढतो आणि टाकी भरायच्या आधीच नळी थुंकायला लागते. आणि टाकी काठोकाठ भरली तर काय, नळी म्हणजे त्या टाकीची मान. पुढचा प्रत्येक थेंब तिच्यातूनच वर येणार. त्यात आमच्या बोटींवर नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, समुद्राकडे वळवलेलं. का, तर डेकवर सांडून पाय घसरू नये म्हणून. ज्याने पहिल्यांदा ते तसं वळवलं त्याने खलाशाच्या पायाचा विचार केला होता. तो विचार चुकीचा नव्हता.

मला रात्री झोप लागेना त्याचं कारण वेगळंच होतं. मी गेली एकोणीस वर्षं जहाजावर इंजिनिअर आहे. तेल भरणं हे माझं काम आहे. सिंगापूरच्या नांगरवाड्यात रात्री दोन वाजता तेलाचा बार्ज येऊन लागतो तेव्हा मी काय काय करतो ते मला पाठ आहे. दिवस असेल तर मास्टवर लाल बावटा चढतो, रात्र असेल तर लाल दिवा. डेकवरचं पाणी जाण्याची सगळी भोकं लाकडी गुट्ट्या मारून बंद करतात, कडेने सिमेंट लावतात. प्रत्येक हवेच्या नळीभोवती लोखंडी ताट असतं, बादलीभर तेल पेलेल एवढं. त्याचं खालचं बूच लावलंय का ते हात लावून बघतात. भुशाची पोती, तेल शोषणाऱ्या चादरी, फावडी, बादल्या जवळ मांडून ठेवतात. दर पंधरा मिनिटांनी टाकीत माप सोडतात. टाकी नव्वद टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत आणि शेवटी शेवटी तर बार्जवाल्याला ओरडून ओरडून पंप हळू करायला लावतात. पाण्यावर तेलाची एक रेघ दिसली तरी बंदराचे लोक येतात, कागद होतात, दंड होतो, जहाज अडकतं, नोकरीवर येतं. ह्या भीतीने मी एकोणीस वर्षं परक्यांच्या बंदरात एक थेंब पडू दिला नाही.

आणि माझ्या आईच्या खाडीत मी फडकं फिरवताना बघत उभा राहिलो.

मी नवखा असताना एकदा जहाजावर माझ्याकडूनही चूक झाली होती. एक टाकी भरत आली म्हणून दुसरीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पहिलीचा पुरता बंद केला नाही. नळीतून काळं तेल आलं, डांबरासारखं, संथ, चकाकत. ताटात बादलीभर जमलं आणि ताटातच राहिलं. मी थरथरत होतो. आमचे चीफ इंजिनिअर आले, ताटाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, आणि मला म्हणाले, तू तेल भरतो आहेस असं समजतोस म्हणून हे होतं. तू हवा काढतो आहेस असं समज, म्हणजे तुझं लक्ष योग्य नळीकडे राहील. मग माझा पंजा धरून त्यांनी दुसऱ्या टाकीच्या नळीच्या तोंडापाशी नेला. तळहाताला कोमट, जड वारा लागत होता. ज्या टाकीत तेल जातं तिचीच नळी श्वास सोडते. डोळ्यांनी काही दिसत नाही, हाताला कळतं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी पंजा धरतो. ही जहाजाची शिकवण आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो.

पण त्या रात्री पडल्या पडल्या मला बाबा आठवले. बाबा तांडेल होते, होडीचे प्रमुख. आमची पहिली इंजिनाची होडी लहान होती, तिची टाकी पत्र्याची, दोनशे लिटरची. डिझेल बॅरलमधून हातपंपाने यायचं. बाबा मला पंपाच्या दांड्यावर बसवायचे आणि स्वतः टाकीपाशी उकिडवे बसून मान तिरकी करायचे. तेव्हा मला वाटायचं दमले असतील. ते ऐकत असायचे. एका हाताचा पंजा नळीवर आणि कान भरायच्या पाईपाशी. "कान दी," ते म्हणायचे. "आयकलंस? आता बारीक झालो आवाज." आणि मला हात वर करून थांबवायचे. आधी पोकळ, घुमणारा आवाज. टाकी अर्धी झाली की भरीव. आणि शेवटी चढत चढत बारीक, शिटीसारखा. विहिरीवर किंवा नळाखाली कळशी भरणाऱ्या कोणत्याही बाईला हे माहीत असतं. ती शेजारणीशी बोलत असते, पाठ कळशीकडे असते, आणि कळशी काठाशी आली की बोलता बोलता हात मागे जाऊन नळ बंद करते. तिच्या कानाला कुणी शिकवलेलं नसतं. बाबांच्या कानालाही नाही. त्यांच्या हातून डिझेल सांडल्याचं मला आठवत नाही. त्यांना खाडीची काळजी होती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डिझेल विकत घ्यावं लागायचं आणि पैसे मोजून आणलेली वस्तू पाण्यात जाऊ देणं त्यांना पाप वाटायचं, एवढं नक्की.

आता तो आवाज ऐकू येत नाही. विजेचा पंप, त्याची मोटर, बाजूला चालू असलेलं इंजिन, बर्फाची मशीन, गाणी. खलाशी ऐकत नाही म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही; त्या गोंगाटात बाबांनाही काही ऐकू आलं नसतं. शिवाय आता टाकी दोनशेची नाही, अडीच हजार लिटरची आहे. बाहेरच्या देशांत ह्या नळीत बसवायची एक शिटी मिळते. हवा जात असेपर्यंत ती वाजते, डिझेल तिच्यापाशी आलं की गप्प होते; शिटी थांबली की पंप बंद करायचा. एक डबीही मिळते, आत चेंडू किंवा तरंगता बूच असलेली. हवा सोडते, डिझेल आलं की चेंडू वर जाऊन वाट अडवतो. मी दोन्ही बघितल्या आहेत. शिटी बघून मला पहिल्यांदा बाबांचा तिरका झालेला चेहराच आठवला होता.

तवंग हा शब्द आपल्याकडे स्वयंपाकघरातून आला की समुद्रावरून, कोण जाणे. रश्श्यावर तांबडा तवंग आला की तोंडाला पाणी सुटतं आणि तोच शब्द खाडीला लावला की मळमळतं. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमध्ये क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतून बघितलं होतं; 1774 साली त्याने ते लिहून प्रसिद्ध केलं. चमचाभर तेल पसरत पसरत अंदाजे अर्ध्या एकरावर गेलं आणि तेवढं पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. आमचं घर, परस, गोठा आणि माडाची बाग मिळून वीस गुंठे होत नाहीत. डिझेलचा रंगीत तवंग दिसायला लागतो तेव्हा त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम एक तृतीयांश असते. त्या हिशेबाने एक लिटर डिझेल पाऊण एकरावर रंग दाखवू शकतं. आणि आमचं त्या सकाळी चार-पाच लिटर गेलं होतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, आठशे टनांच्या आसपास तेल सांडलं, उरण-अलिबागकडे किनारे काळे झाले, महिनाभर मासे खायला लोक घाबरत होते. ते सगळ्यांना आठवतं. फोटो होते, बातम्या होत्या. आमच्या जेटीचं रोजचं तीन लिटर, चार लिटर कुणाच्या वहीत नाही. ते फक्त आईच्या पातेल्यात नोंदलं गेलं.

ती धुण्याची पावडर तर मला फारच लागली मनाला. जहाजावर असलं काही टाकायचं तर बंदराची परवानगी लागते, कारण साबणाने तेल जात नाही, ते फक्त डोळ्याआड होतं. बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं. वर होतं तोवर निदान ऊन आणि वारा त्यातलं बरंचसं उडवून नेत होते. आता ते तिसरीच्या उंचीवर आलं. तिसरी बिचारी दिवसभर दुसरं करते काय? पाणी आत घेते, गाळते, सोडते. तिच्या वाट्याला आपण ते गाळायला पाठवतो आणि वर आरसा स्वच्छ झाला म्हणून सुस्कारा सोडतो.

दुसऱ्या दिवशी मी दादाशी बोललो. वाद झाला असं म्हणता येणार नाही. आम्ही दोघं भाऊ फारसं मोठ्याने बोलत नाही. तो जाळं शिवत होता. "इतक्यान काय होता?" तो आधी म्हणाला. "दर्यो मोठो आसा." मग थोड्या वेळाने, सुई न थांबवता, "तुमच्या बोटीर कसा करतत?" मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने त्याची बाजू सांगितली आणि तीही खोटी नव्हती. मच्छीमार सोसायटीतून कोट्याचं डिझेल येतं, ते मिळेल तेव्हा मिळेल तेवढं घ्यावं लागतं. कराचा परतावा महिनोन् महिने अडकतो. बाहेर गेलं की आठ-आठ दिवस समुद्रात. डिझेल कमी पडून परत यावं लागलं तर ती फेरी बुडाली, खलाशांचा पगार डोक्यावर. असा माणूस टाकी काठोकाठ भरणार नाही तर काय करणार? मी त्याला म्हटलं, काठोकाठ भरलेलं सगळं तुझ्याकडे राहतच नाही. जमिनीखालच्या टाकीतून डिझेल थंड येतं आणि इंजिनरूममध्ये तापतं. दहा अंश तापलं की हजार लिटरमागे साधारण आठ लिटर फुगतं. तुझ्या अडीच हजारांचे वीस. ते वीस लिटर जेटी सोडल्यावर, कुणी बघत नसताना, नळीतून समुद्रात जातात. वर लाट आली, बोट कलंडली की आणखी. नव्वद रुपयांच्या आसपास लिटर. त्याची सुई थांबली. पैशाचं ऐकून थांबली म्हणून मला त्याचा कमीपणा वाटला नाही. बाबांचा हातही त्याच कारणाने वर जायचा.

पण तेव्हा लगेच काही झालं नाही. हंगामाचे शेवटचे दिवस होते. मग 1 जूनला बंदी लागली, बोट खाडीत आत ओढली, झापांनी शाकारली. माझी सुट्टी लांबली, मी जुलैत घरीच होतो. पाऊस थोडा उघडला तेव्हा पुतण्याला घेऊन मी बोटीवर गेलो. झापांखाली काळोख, ओल्या लाकडाचा आणि शिळ्या डिझेलचा वास. हवेच्या नळीत फुंकून बघ म्हणून त्याला सांगितलं. त्याने फुंकलं, गाल फुगले, हवा जाईना. काडी घालून टोकरलं तर माती पडायला लागली. कुंभारीण माशीने नळीत घर केलं होतं. लाल मातीच्या सुबक खोल्या, एकामागे एक, आणि प्रत्येकीत निपचित पडलेले चिमुकले कोळी, तिच्या पिलांसाठी साठवलेले. पुतण्या हरखून बघत बसला. मला वाईटही वाटलं तिचं घर मोडताना. पण हे घर राहिलं असतं तर ऑगस्टमध्ये पहिल्यांदा डिझेल भरताना हवेला वाटच नव्हती. भरायच्या पाईपातूनच उसळून बाहेर आलं असतं. आणि भर समुद्रात इंजिनाने डिझेल ओढलं असतं, आत हवा आली नसती, आणि इंजिन तडफडून बंद पडलं असतं. किती बोटी अशा बंद पडल्या असतील आणि पंपाला, फिल्टरला, डिझेलला दोष दिला गेला असेल!

मग तिथेच कामाला लागलो. नळी कापून दीड फूट उंच केली, छत्रीच्या मुठीसारखी वाकवली, तोंड बाहेरून आत, डेककडे घेतलं. वेल्डर म्हणाला उलटं करताय. तोंडाला पितळेची बारीक जाळी बसवली, माशीसाठी. तिच्यावर मीठ आणि रंग साचतो, म्हणून ती खोलून धुता येईल अशी. पाच लिटरचा तेलाचा कॅन वरून कापला, दोरीने नळीच्या वाकाला टांगता येईल असा केला. तोंड मात्र उघडं ठेवलं. आधी पुतण्या नळी कॅनच्या बुचातून घट्ट आत घालत होता. मग हवा कुठून जाणार, म्हणून त्याला पुन्हा कुंभारीण माशीची आठवण दिली. कॅनच्या तळाशी काथ्याचा बोळा. डेकच्या भोकांना आंब्याच्या लाकडाच्या गुट्ट्या तासल्या, दोरीला बांधून ठेवल्या, नाहीतर पहिल्याच फेरीत समुद्रात.

सर्वांत जास्त वेळ मापाच्या पट्टीने खाल्ला. सागाची पट्टी, टाकीच्या उंचीची. पण बोटीची टाकी चौकोनी नसते. बोटीच्या पोटाबरोबर ती खाली निमुळती होत जाते. तळाकडे शंभर लिटरने चार बोटं चढतील तर वर दोनच. अंदाजाने खुणा करून चालत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये टाकी पहिल्यांदा भरताना दादाला विनंती केली की आज सकाळ मला दे. शंभर लिटर घ्यायचं, थांबायचं, पट्टी सोडायची, पुसायची, चाकूने खाच. पुन्हा शंभर. पंपावरचा माणूस वैतागला, मागे दोन बोटी उभ्या होत्या, एकाने शिवीही दिली. बावीस-तेवीस वेळा पट्टी सोडणं काही गंमत नाही. बाविसाव्या खाचेनंतर, दोन हजार दोनशे पन्नासवर, पुतण्याने तांबड्या ऑईलपेंटने जाड रेघ मारली. दादा काही बोलला नाही. पण नोजल त्याने स्वतः धरलं होतं आणि शेवटच्या शंभराला त्याने डावा पंजा नळीच्या तोंडापाशी नेला. त्याला मी सांगितलं नव्हतं. तोही त्याच होडीवर, त्याच हातपंपाच्या दांड्यावर बसलेला.

कॅनमध्ये त्या दिवशी काही पडलं नाही. पुढच्या खेपेला पडलं, वाटीभर. खलाशाने कापडातून गाळून परत टाकीत ओतलं आणि काथ्याचा बोळा पिळून काळ्या ड्रममध्ये टाकला. शेजारच्या बोटीची नळी त्याच वेळी थुंकली. तिचा तांडेल आमच्या कॅनकडे बघत राहिला. माझ्या ओळखीचा माणूस, शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं. विचारलं काहीच नाही त्याने. चार दिवसांनी त्याच्या नळीला एक दुधाची पिशवी बांधलेली दिसली, घट्ट, गाठ मारून. मी धावत जाऊन ती सोडवली आणि का ते सांगितलं, तेव्हा तो माझ्यावर चिडला. आता त्याच्याकडेही कॅन आहे, पण कधी टांगलेला, कधी नाही. बाकीच्या बोटींवर अजून तरी काही नाही. नारळी पौर्णिमेला सगळ्या बोटी सजल्या होत्या, पताका, फुलं, नवा रंग. दर्याला नारळ सोडताना मी जेटीच्या कडेला वाकून बघत होतो, आणि नारळाभोवती, फुलांच्या पाकळ्यांना चिकटून, तो जांभळा-निळा पदर होताच.

नंतर मी जहाजावर गेलो. ह्या एप्रिलमध्ये परत आलो. आईचा गुडघा आणखी दुखतो, तरी ओहोटी बघून ती उतरायला निघाली. दादा म्हणाला, लांब जाऊ नकोस, आता जेटीकडे उतर, आता आपल्या बोटीतून काही पडत नाही. तो मनापासून म्हणाला. आईने पदर खोचला, टोपली काखेत घेतली आणि पायऱ्यांवर बसून पलीकडे जाणाऱ्या होडीला हाक मारली.

मी तिच्याबरोबर गेलो, टोपली धरायला. होडी जेटीच्या जवळून जाताना ती वाकली, ओंजळभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं.

"ह्या कडेची नको," ती म्हणाली. "आजून एक पावस जांवदे."